छत्री

नवा टीव्ही होडीतून आला,
सर्जेकोटच्या धक्क्यावरून तळाशीलला,
दोन गोधड्यांच्या मध्ये, आजाऱ्यासारखा आडवा.
पंचावन्न इंच. हर्षलने पाठवला, हप्त्यांवर,
आणि फोन करून सांगितलं:
बाबा, नेट जोडा, सगळं एचडी दिसेल.

जोडलं.
काळ्या काचेवर एक भोवरा फिरू लागला.
भोवरे मी पाहिलेत, खाडीच्या तोंडाशी,
भरती-ओहोटी भांडतात तिथे.
त्यांना माहीत असतं कुठे ओढायचं.
हा नुसताच फिरत होता.
मधेच एखादं तोंड वर यायचं,
फरशीचे तुकडे बसवून केल्यासारखं,
अर्धा शब्द बोलायचं आणि बुडायचं.
शालनने दोन मालिकांचे शेवट स्वतःच रचले
आणि भाकऱ्या थापायला गेली.

रात्री दोनला नेट बरं असतं म्हणतात.
रात्री दोनला मी समुद्रात असतो.

मग पास्कू फर्नांडिस आला, पूर्वीचा केबलवाला,
पिशवीत एक डबी, पक्कड, आणि घरून आणलेली सोलकढी.
"नेट कित्याक व्हया? तुझी छत्री खंय हा?"
छत्री मागीलदारी उताणी पडली होती.
सात वर्षं तिच्यात आम्ही जवळा सुकवत होतो.
मांजरांना तिची गोलाई पाठ होती.
जवळा काढून टीव्हीच्या खोक्यावर पसरला,
खोक्यावर छापलेल्या निळ्या डोंगरावर, बर्फावर.
छत्री राखेने घासली. वास गेला नाही.
"वासाचा सिग्नलाक काय नाय," पास्कू म्हणाला,
आणि खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडलेलं तारेचं तांबं
दाताने सोलून थुंकला.

मी कौलांवर, पास्कू खिडकीत, शालन टीव्हीसमोर.
"इला?"
"नाय!"
"वायच घाटाकडे फिरव. आता?"
"इला! इला! ... गेला."
"काय केलंस?"
"काय नाय. शिंकलंय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे आठवलं,
हे तर मी रोज करतो.
देवळाचा कळस आणि डोंगरावरचा टॉवर
एका रेषेत आले, की होडीखाली खडक
आणि खडकाला मासा.
टॉवरपासून डावीकडे चार बोटं, पास्कू खालून ओरडला,
आणि मान वर, चांगली वर.
एक डोळा मिटून चार बोटं धरली.
ज्या टॉवरने नेट दिलं नाही
त्याने खूण तरी दिली.
छत्रीने समुद्राकडे पाठ केली.
अशी पाठ आमच्या घरात कुणी केली नव्हती,
हर्षल सोडून.

खालून हाकच येईना.
उतरून पाहतो, तर दोघं गप्प उभी.
काचेवर कुठल्याशा तळ्यातला कटला, हातभर,
खवला न् खवला मोजून घ्यावा इतका.
मागच्या माणसाच्या नखातला चिखलसुद्धा.
शालन जवळ गेली, वाकली,
बाजारात वाकते तशी.
"ताजो नाय," म्हणाली. "डोळो बघ, आत गेलो हा.
कालचो."

रात्री हर्षलचा फोन, व्हिडिओवर.
"कसं दिसतंय?" एवढंच ऐकू आलं
आणि तो थांबला, पापणी अर्धी मिटलेली,
गाल चार चौकोनांचा.
शालनने फोन नाकाशी नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ.
बारीक झालाय की नाही, ते काही कळेना.
"बरा दिसता रे," ती मोठ्याने ओरडली,
नेटाने नाही तर निदान आवाजाने तरी
घाट ओलांडावा अशी.
भोवरा फिरत होता.

टीव्हीवर कुणी अनोळखी माणूस
भातावरच्या रोगाबद्दल सांगत होता.
त्याच्या शर्टाचं तिसरं बटण
वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं.